समान विषयांचे विभाग एकत्र कधी बसणार?

संपादक महोदय,

तुरुंग, पोलीस, पीडितांचे हक्क यांविषयी वृत्तपत्रांत सतत लिहून येते. या विषयांवर संशोधन करणाऱ्यांच्या संघटना एकमेकींशी कशा वागतात, याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. बाहेरून ही बाब किरकोळ वाटेल. उमेदीची सारी वर्षे मी गुन्हेगारीशास्त्र शिकवले आणि या दुराव्याने अभ्यासाचे होणारे नुकसान जवळून पाहिले, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या दोन मोठ्या संघटना घ्या. 'अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी'चे मूळ १९४१ साली बर्कलीमध्ये ऑगस्ट व्होल्मर यांच्या घरी झालेल्या बैठकीत सापडते. व्होल्मर तिथले माजी पोलीसप्रमुख, आणि पोलिसांना महाविद्यालयीन शिक्षण कसे द्यावे ही त्या मंडळींची कळकळ होती. पुढे संघटना समाजशास्त्रीय संशोधनाकडे झुकली. पोलीस-शिक्षणाशी बांधिलकी असलेल्या प्राध्यापकांना ते पटेना आणि १९६३ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच आजची 'अकॅडमी ऑफ क्रिमिनल जस्टिस सायन्सेस'. एकीची वार्षिक परिषद नोव्हेंबरात, दुसरीची मार्चमध्ये. जुना वाद आता कुणी उकरत नाही, कित्येक जण दोन्हीकडे सभासद आहेत. पण पोलीस, कारागृहे, पीडित या विषयांचे विभाग दोन्हीकडे वेगवेगळे आहेत, आणि तरुण संशोधकाला दोन वर्गण्या, दोन नोंदणी शुल्के, दोन प्रवास पेलावे लागतात. ज्याला ते झेपत नाही, तो एका बाजूच्या चर्चेला कायमचा मुकतो.

एकाच संघटनेच्या आतसुद्धा हे घडते. माझी एक विद्यार्थिनी तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांवर काम करत होती. एका परिषदेत स्त्रिया आणि गुन्हेगारी या विभागाचे सत्र आणि कारागृह विभागाचे सत्र एकाच वेळी, शेजारशेजारच्या दालनांत ठेवले होते. दोन्हीकडे विषय सुटकेनंतरचे आयुष्य हाच. ती एका सत्रातून अर्ध्यावर उठून दुसऱ्यात गेली. नंतर दोन्ही निबंध तिने माझ्यासमोर ठेवले, तेव्हा खरी अडचण दिसली. एका अभ्यासात पुन्हा अटक झाली की ती स्त्री गुन्ह्याकडे वळली असे धरले होते, तर दुसऱ्यात न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवल्यावरच. अटक झालेली प्रत्येक व्यक्ती दोषी ठरत नाही, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून काही म्हणताच येईना. दोन्ही संशोधक मेहनती होते. अभ्यास आखताना त्यांची एक भेट झाली असती, तर इतकी माणसे बोलती करण्याचे श्रम दुप्पट कामी आले असते. याची हळहळ मला आजही वाटते.

असे एकत्र बसता येते, हे युरोगँग या टोळी-अभ्यासकांच्या गटाने दाखवले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले आणि युरोपातले टोळ्यांचे अभ्यासक माल्कम क्लाइन यांच्या पुढाकाराने जमले. टोळी कशाला म्हणायचे यावरच मतभेद होते. बऱ्याच खलानंतर त्यांनी व्याख्या ठरवली: टिकून राहणारा, रस्त्यावर वावरणारा तरुणांचा असा गट, ज्याच्या ओळखीचाच बेकायदा कृत्यांत सहभाग हा भाग आहे. तिच्या आधारे समान प्रश्नावल्या तयार झाल्या, आणि वेगवेगळ्या देशांतल्या टोळ्यांची तुलना शक्य झाली. माझ्या मते सहकार्य म्हणावे ते हे. संयुक्त चहापान, एकमेकांच्या अध्यक्षांचे स्वागत वगैरे ठीकच, पण त्याने संशोधनाला काही मिळत नाही.

दुसरा दाखला चिकित्सक गुन्हेगारीशास्त्राचा, म्हणजे गुन्हा आणि शिक्षा यांकडे सत्ता-विषमतेच्या अंगाने पाहणाऱ्या विचाराचा. 'क्रिटिकल क्रिमिनॉलॉजी' हे नियतकालिक वरच्या दोन्ही अमेरिकी संघटनांतल्या या विचाराच्या विभागांचे मिळून आहे. सत्ता आणि विषमता यांवर कडाडून वाद घालणारी ही मंडळी एक नियतकालिक मिळून चालवू शकतात, तर कारागृहांच्या किंवा पीडितांच्या अभ्यासकांना काय हरकत आहे?

आजवरचे पुष्कळसे सहकार्य दोन विभागप्रमुखांच्या मैत्रीवर चालत आले. पदाधिकारी बदलले की पत्रव्यवहार थांबतो. म्हणून ते नियमावलीत लिहिले जावे. प्रत्येक विभागाच्या कार्यकारिणीत समविषय विभागाचा एक प्रतिनिधी हक्काने बसावा आणि परिषदेचे वेळापत्रक पक्के होण्याआधी त्याच्या नजरेखालून जावे. विद्यार्थ्यांना एका वर्गणीत दोन्ही विभागांचे सभासदत्व मिळावे. त्यात विभागांचे थोडे उत्पन्न बुडेल, ते बुडू द्यावे. आणि दर परिषदेत निदान एक संयुक्त सत्र निव्वळ मोजमापासाठी राखावे. सुरुवात पुन्हा अटक की पुन्हा दोषसिद्धी, या प्रश्नापासून करता येईल.

आपली,
गुन्हेगारीशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका