गडकरी साहेब, गाड्यांसाठीही एक रेरा आणा

मा. नितीनजी गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री

सा. न. वि. वि.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सतरा वर्षं झाली. कुठल्या पक्षाचा नाही. आजवर कुणा मंत्र्याला पत्र लिहिलं नाही, तशी वेळच आली नव्हती. काल संध्याकाळी शोरूममधून फोन आला, "सर, तुमची गाडी आता जानेवारी एंडला नक्की." फोन ठेवला आणि कॅलेंडर काढून बसलो. ही सहावी तारीख आहे साहेब. म्हणून रात्रपाळीवरून आल्यावर न झोपता हे लिहितोय, शब्द कमीजास्त झाला तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं तर उद्या नोटीस यायची आणि वकील लावायची माझी ऐपत नाही. शिवाय गोष्ट एका कंपनीची नाहीच.

या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत बुकिंग सुरू झालं त्या दिवशी मी आणि माझी मुलगी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो, एकवीस हजार भरले. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा हट्ट तिचाच, शाळेत प्रदूषणावर प्रोजेक्ट केला होता तिने. आणि हिशोब माझाही होता, रोजचे जाऊन येऊन साठ किलोमीटर, घरी चार्जिंग, सात-आठ वर्षांत गाडी स्वतःचे पैसे फेडते. शोरूमवाल्यांनी गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, गाडी दारात असं सांगितलं. नुसतं तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज आहे, जपून ठेवलाय. मग पाडव्याचं अक्षय तृतीयेवर गेलं. मग पाऊस लागायच्या आत. मग गणपती. मग दिवाळी. आता जानेवारी एंड.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनीच फोन करून सांगितलं की जुनी गाडी आत्ताच एक्स्चेंजला द्या, बोनस ३१ मार्चपर्यंतच आहे. माझी अकरा वर्षांची सीएनजी गाडी, चांगली चालत होती, दिली. बोनस नव्या गाडीच्या बिलातून वजा होणार, आणि बिल काही बनतच नाही. म्हणजे जुनी गेली, नवी नाही, बोनसही नाही. तेव्हापासून मेहुण्याची स्कूटर घेऊन सिन्नर करतोय. जुलैत दुसऱ्या पाळीवरून रात्री परत येताना मोहदरी घाटात वळणावर वाळूवरून घसरलो. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, त्यातले बारा दिवस बिनपगारी गेले. घसरलो ती चूक माझी, त्याचं खापर कुणावर फोडत नाही. पण ठरल्या तारखेला गाडी आली असती तर मी त्या रात्री स्कूटरवर नसतो, हे मनातून जात नाही. आईला गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा डॉक्टरकडे न्यावं लागतं, तिला स्कूटरवर बसता येत नाही, रिक्षा सांगावी लागते, आणि दरवेळी ती उतरताना विचारते, "कधी येणार रे आपली गाडी?" तिला काय सांगू?

चार्जरचं ऐका. सोसायटीच्या तीन मीटिंगा झाल्या, आग लागेल, बिल कोण भरणार, पार्किंगची भिंत फोडायची नाही, सगळ्यांना समजावून एनओसी आणली. महावितरणकडून वेगळं मीटर घेतलं, खालपासून केबल ओढली, सगळं मिळून सेहेचाळीस हजार गेले. मार्चपासून तो चार्जर माझ्या रिकाम्या पार्किंगच्या भिंतीवर आहे. युनिट शून्य, तरी स्थिर आकाराचं बिल दर महिन्याला येतं आणि मी मुदतीत भरतो. दसऱ्याला सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या धुतल्या, हार घातले. आमच्या आईने सकाळी आंघोळ करून, कठडा धरत धरत खाली जाऊन त्या चार्जरला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. गाडी नाही तर निदान गाडीचं जे आहे त्याची पूजा, एवढाच तिचा विचार. मी वरून गॅलरीतून बघत होतो, खाली जायची हिंमत झाली नाही. तो हार अजून तिथेच आहे, वाळून काळा पडलाय, आणि त्याच्या आड चार्जरचा हिरवा दिवा रात्रंदिवस जळतोय.

बँकेचं सँक्शन लेटर मुदत संपून गेलं, परत सगळे कागद, परत प्रोसेसिंग फी. घराचा हप्ता एक दिवस चुकला की बाऊन्स चार्ज लागतो मला. कंपनीचे आठ महिने चुकले तर तिला काय लागतं? काहीच नाही. बुकिंग फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की तारीख अंदाजे आहे आणि किंमत डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती. तारीख त्यांची अंदाजे, पैसे मात्र माझे नक्की.

विचारलं की सांगतात, चीनने मॅग्नेट अडवले. बरोबर आहे, दुर्मिळ खनिजांच्या मॅग्नेटवर चीनने निर्यातीचे निर्बंध आणले, मोटारीत ते लागतात, मोठमोठ्या कंपन्यांना फटका बसला, मी स्वतः कारखान्यात काम करतो, सप्लाय तुटला की लाईन कशी बसते ते मला कळतं. पण तो निर्बंध आला ४ एप्रिलला. माझी तारीख ३० मार्चची होती. पाच दिवस आधी चुकलेल्या तारखेचं कारण पाच दिवस नंतर कसं घडतं? आणि त्याच शोरूममध्ये मला सांगतात की तीन लाख जास्त भरून टॉप मॉडेल घ्या, पंधरा दिवसांत देतो. म्हणजे मॅग्नेट आहे, बॅटरी आहे, गाडी आहे. माझ्या बजेटची तेवढी नाही. स्वस्त किंमत दाखवून बुकिंगचे आकडे गोळा करायचे, पेपरात छापून आणायचे आणि बनवायची आधी महाग गाडी, याला सरळ मराठीत फसवणूक म्हणतात.

साहेब, तुम्ही म्हणाल हे अवजड उद्योग खात्याला लिहा, ग्राहक खात्याला लिहा. तुम्हाला लिहितोय कारण इलेक्ट्रिक गाड्यांचं सगळ्यात जास्त तुम्ही बोलता, मराठी माणसाला ते पटतं, मलाही पटलं होतं. जून २०२२ मध्ये तुम्ही म्हणालात की वर्षभरात इलेक्ट्रिक गाडीची किंमत पेट्रोल गाडीइतकी होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हणालात, चार ते सहा महिन्यांत होईल. मधल्या तीन वर्षांचं काय? उलट २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ते चांगलंच केलं, पण इलेक्ट्रिकवर आधीच ५ टक्के होता तो तिथेच, म्हणजे दोन्हींच्या किमतीतला फरक वाढला. मी जी सीएनजी गाडी विकली तसलीच नवी आज मला बुकिंगच्या वेळेपेक्षा स्वस्त मिळाली असती, आणि मी इथे तारखा मोजतोय.

बाकीच्या गोष्टी पेपरात आलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या, त्यांचा माझ्या गाडीशी संबंध नाही. २०१३ मध्ये सरकारने योजना काढली की २०२० पर्यंत साठ-सत्तर लाख इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या रस्त्यावर आणू. आल्या का? २०१७ मध्ये पियुष गोयल वीजमंत्री होते तेव्हा म्हणाले २०३० पर्यंत विकली जाणारी प्रत्येक गाडी इलेक्ट्रिक, नंतर त्याचे ३० टक्के झाले. त्याच वर्षी सरकारी कार्यालयांसाठी १० हजार इलेक्ट्रिक गाड्यांचं टेंडर निघालं, केवढा गाजावाजा, त्यातल्या बहुतेक आल्याच नाहीत. मारुतीने २०१८ मध्ये पन्नास इलेक्ट्रिक गाड्या चाचणीला रस्त्यावर सोडल्या, २०२० ला बाजारात आणतो म्हणाले, ती गाडी आलीच नाही. त्यांच्याच ई-विटाराला २६ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी गुजरातमध्ये हंसलपूरला झेंडा दाखवला, गाडी निघाली परदेशी, इथला गिऱ्हाईक २०२५ संपत आलं तरी वाट बघत होता. ओलाने १५ ऑगस्ट २०२२ ला सांगितलं २०२४ मध्ये कार, एका चार्जमध्ये ५०० किलोमीटर, आणि पुढे ते कामच बाजूला ठेवलं. टाटांची अविन्या एप्रिल २०२२ मध्ये दाखवली, २०२५ मध्ये देतो म्हणाले, २०२५ संपत आलं. टाटांविषयी लिहिताना माझा हात अडखळतो, पण लिहायला हवंच. आणि टेस्ला, २०१६ मध्ये आपल्या लोकांनी हजार-हजार डॉलर भरून बुकिंग केलं होतं. २०२० च्या शेवटी तुम्हीच म्हणालात २०२१ मध्ये येतील, आणि मुंबईत बीकेसीत शोरूम उघडलं जुलै २०२५ मध्ये, बाहेरून आणलेली साठ लाखांची गाडी घेऊन.

सगळ्यांनाच अडचणी असतात, नवं तंत्रज्ञान आहे, मान्य. उशीर झाला याचा राग कमी आहे साहेब. राग याचा आहे की तारीख देणाऱ्याला ती द्यायला काहीच खर्च येत नाही, आणि तिच्यावर विसंबणारा सगळं मोजून बसलेला असतो.

मुळात या देशात तारखेची किंमत फक्त खालच्या माणसाला आहे. लाईट बिलाची मुदत पाळायची आम्ही. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्सची सवलत होती, नव्या कर्जांसाठी ३१ मार्च २०२३ ला संपली ती संपलीच, तिथे कुणी अक्षय तृतीयेपर्यंत थांबलं नाही. राज्याने एप्रिलमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी मंजूर केली, अटल सेतूवर टोल प्रत्यक्षात थांबला २२ ऑगस्टला, मधले चार महिने लोकांच्या फास्टॅगमधून कापलेच ना? माझी बहीण चिपळूणला दिली आहे. मुंबई-गोवा रस्ता २०११ पासून चाललाय, यंदा एप्रिलमध्ये तुम्ही म्हणालात जूनपर्यंत पूर्ण होईल. गणपतीला तिच्याकडे गेलेल्या माझ्या भावाचे कंबरेचे मणके अजून दुखतायत. वरचे लोकच तारखा अशा देतात तर शोरूममधल्या त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला मी काय बोलणार? कालही मी त्याच्यावर ओरडलो नाही, तो बिचारा वरून आलेलं वाचून दाखवतो.

आता मागणं सांगतो. फ्लॅटच्या बाबतीत हेच चालायचं, ताबा पुढच्या दिवाळीला, त्याच्या पुढच्या दिवाळीला, लोक भाडंही भरायचे आणि हप्ताही भरायचे. मग रेरा हा कायदा आला, २०१७ पासून महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा आहे. बिल्डरने ताब्याची तारीख करारात लिहायची, चुकली तर गिऱ्हाईकाने पैसे व्याजासकट परत मागायचे नाहीतर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्यायचं. बिल्डर लगेच देव झाले असं नाही, पण तारीख लिहिताना आता पेन थांबतं त्यांचं. हेच गाड्यांना का नाही? बुकिंगच्या पावतीवर तारीख लिहा, त्या दिवशीची किंमत बांधा, तारीख चुकली की बुकिंगच्या पैशावर व्याज आणि मागेल त्याला सात दिवसांत पूर्ण रक्कम परत, आणि कंपनीने मॉडेलवार किती बुकिंग घेतली, किती गाड्या दिल्या हे दर महिन्याला जाहीर करायचं, टॉप किती आणि बेस किती. जुनी गाडी एक्स्चेंजला घेतली असेल तर नवी मिळेपर्यंत चालवायला काहीतरी द्या, नाहीतर तिचे पैसे त्याच दिवशी खात्यात टाका.

सरकारला हे जमत नाही असं नाही. बॅटरीचे कारखाने काढायला १८,१०० कोटींची योजना आहे, त्यात ज्यांचे टप्पे वेळेत झाले नाहीत त्यांना मंत्रालयाची पत्रं गेली, दिवसावर मोजून दंड लावायची तरतूद आहे त्यात. म्हणजे सरकारला दिलेला शब्द चुकवला तर दिवसावर दंड, आणि माझ्यासारख्याला दिलेला चुकवला तर "सर, थोडं समजून घ्या." वाहन उद्योगाला पीएलआयचे, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन द्यायच्या योजनेचे, २५,९३८ कोटी ठेवलेत, ते आमच्याच करातले आहेत. पैसे देताना एक अट एवढीच घाला की गिऱ्हाईकाला दिलेली तारीख पाळली का ते दाखवा.

लोक म्हणतात बुकिंग कॅन्सल कर. करीन, पण सेहेचाळीस हजारांचा चार्जर काढून कुठे ठेवू, आणि जुनी गाडी तर कुणाच्या तरी दारात उभी आहे आता. मुलगी आता गाडीबद्दल विचारत नाही. मार्चमध्ये तिने पार्किंगमध्ये खडूने गाडीचा नंबर लिहून ठेवला होता, आम्ही कुठला चॉईस नंबर घ्यायचा ते ठरवून. पावसात तो पुसला गेला.

पुढचा पाडवा १९ मार्च २०२६ ला आहे. तोपर्यंत तुमच्या खात्यातून किंवा ज्या कुठल्या खात्यात हे येत असेल तिथून कंपन्यांना निदान एक परिपत्रक तरी जावं, ही विनंती. माझी गाडी मला तुमच्या चिठ्ठीवर आधी मिळावी असं मी मागत नाही. माझ्यापुढे रांगेत जे आहेत त्यांना आधी मिळू दे, पण रांग किती लांब आहे ते आम्हाला खरं कळू दे.

आपला,
एक बुकिंगवाला, नाशिक
१४ डिसेंबर २०२५