लॅब सुटल्यावर थांबणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न.

अल्गोरिदम शिकवल्याबद्दल तुमचे आभार निरोप समारंभात सगळ्यांनी मानलेच. माझे आभार जरा वेगळ्या कारणासाठी आहेत. रुबिक क्यूबच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही माझ्याबरोबर लॅब सुटल्यावरही थांबायचात, त्यासाठी हे पत्र.

क्यूबची प्रत्येक मांडणी म्हणजे एक नोड (बिंदू), एक फिरवणं म्हणजे दोन नोड जोडणारी एज (रेघ), आणि हे सगळं जाळं म्हणजे ग्राफ. नियम पोस्टकार्डावर मावतो. नोड मात्र ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. प्रत्येकाला एकच बिट दिला तरी सुमारे ५४ लाख टेराबाइट लागतील. ‘ग्राफ साठवायचाच कशाला? शेजारी कोण ते काढता आलं की झालं,’ असं म्हणून तुम्ही फळ्यावर संगणकशास्त्रज्ञ सॅविच यांची १९७० ची युक्ती मांडलीत. अमुक पावलांत इथून तिथे पोचता येतं का? मधला एक नोड धरा, पहिला अर्धा रस्ता तपासा, मग तीच जागा पुसून दुसरा. एक मांडणी ६६ बिटांत लिहिता येते. रस्ता अर्धा-अर्धा करत ६६ पातळ्या खाली उतरलं तरी हिशेब एखाद्या किलोबाइटात बसतो. वेळ किती लागेल, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुसत्या हसलात.

तिथेच थांबला असतात तरी माझा प्रोजेक्ट पास झाला असता. पण तुम्ही गॅल्पेरिन आणि विगडर्सन यांचा, आखूड वर्णनाने दिलेल्या ग्राफांवरचा १९८३ चा पेपर हातात ठेवलात. ग्राफमध्ये एक तरी एज आहे का? एजची यादी समोर असेल तर हा काय प्रश्न झाला! तोच ग्राफ छोट्या सर्किटने दिला, म्हणजे कुठल्याही दोन नोडांमध्ये एज आहे का एवढंच सांगणाऱ्या यंत्रणेने, की हाच प्रश्न एनपी-कम्प्लीट: उत्तर तपासणं सोपं, पण शोधायची जलद रीत कुणालाच माहीत नाही, अशा प्रश्नांतला सर्वांत अवघड. इथून तिथे पोचता येतं का, हा तर थेट पीस्पेस-कम्प्लीट: वेळ कितीही लागो, पण माफक जागेत सुटणाऱ्या प्रश्नांतला सर्वांत अवघड. वर्णन आखूड केल्याची किंमत अशी वसूल होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मग क्यूब कसा सुटला? २०१० मध्ये रोकिकी, कोसिएम्बा, डेव्हिडसन आणि डेथ्रिज यांनी दाखवलं, की कुठलीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते. सगळ्या मांडण्यांचे त्यांनी २,२१,७०,९३,१२० गट पाडले. सममिती आणि गटांमधली पुनरावृत्ती वापरून त्यातले ५,५८,८२,२९६ च तपासायचे ठेवले. तरी सीपीयूची सुमारे ३५ वर्षं खर्ची पडली. क्यूबचा नियम नुसता छोटा नाही, सममितही आहे. प्रत्येक सर्किटाचं नशीब एवढं चांगलं कुठलं? आज कामावर कुणी ‘नियम तर सोपा आहे’ म्हणालं, की मी आधी सममिती शोधते. ही सवय तुमची.

४×४×४ क्यूबचा असा नेमका आकडा अजून कुणाला काढता आलेला नाही. त्याचे गट कसे पाडावेत याबद्दल मी थोडं लिहून ठेवलंय, बरंचसं कच्चं आहे. दिवाळीत पुण्याला येतेय. तुम्हाला सवड असेल तर घेऊन येऊ का?

तुमची विद्यार्थिनी