मंत्रीमहोदय, दंडाच्या चलनाला माझा पत्ता सापडतो, रिकॉलच्या पत्राला का सापडत नाही?

मा. परिवहन मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

मी गुहागर तालुक्यातला निवृत्त पोस्टमन. तेहतीस वर्षं टपाल वाटलं, त्यातली वीसेक पायी आणि सायकलवर. 'वरचीवाडी, फणसाजवळचं घर' एवढ्या पत्त्यावर मनिऑर्डर पोचवली आहे. माणूस मुंबईला गेला असेल तर शेजाऱ्याकडून खोलीचा पत्ता घेऊन पत्र पुढे धाडलं आहे. हे आधीच सांगतो, कारण माझी तक्रार एका न पोचलेल्या पत्राचीच आहे. ते होतं रिकॉलचं, म्हणजे गाडीत दोष निघाला की ती फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणारं कंपनीचं पत्र.

जानेवारी 2024 मध्ये मी घाटावरच्या एका शहरातून जुनी सात आसनी डिझेल गाडी घेतली. 2017 चं मॉडेल, एक हात चाललेली, ठाण्याच्या पासिंगची. निवृत्तीच्या पैशातले पाच लाख ऐंशी हजार मोजले. गणपतीला मुलगा-सून-नाती आल्या की सगळे एकत्र कुठे जाता यावं, हिला दवाखान्यात न्यायला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच हौस. विकणाऱ्याने बॉनेटवर हात मारून सांगितलं, "काका, डोळे मिटून घ्या." मी घेतली. डोळे यंदाच्या मे महिन्यात उघडले.

पाटणला मेव्हणीकडचं बारसं आटपून कुंभार्ली घाटाने उतरत होतो. घाटमाथा सोडून तिसरं वळण असेल. ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय घालून दाबलं तरी गाडी हवी तशी थांबेना. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली, कारण दुसऱ्या बाजूला काय होतं ते तुम्ही हेलिकॉप्टरमधून बघितलं असेलच. मागच्या सीटवर नात होती, तिला खरचटलं. बायकोने डॅशबोर्डवर हात टेकला होता, तिचं उजवं मनगट मोडलं. पट्टी, सहा स्क्रू, तीन दिवस मुक्काम, अडुसष्ट हजार रुपये.

डिझेल इंजिनात ब्रेकला जोर देण्यासाठी एक वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी चिपळूणच्या फिटरकडून कळलं. तो पंप गेला की ब्रेक असतात, पण मदत नसते, मग चाकं अडवायची ती तुमच्या पायाच्या ताकदीने. घाबरलेल्या माणसासारखा मी पैसे दिले आणि पंप बदलून घेतला. चौदा हजार सहाशे. त्याच वेळी त्या पोराने आणखी एक गोष्ट दाखवली. किल्ली फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. माझ्या गाडीत तो कधी लागतच नव्हता आणि मी शहाणा, दिवा लागत नाही म्हणजे सगळं झकास, असं समजत होतो. त्याने मीटर बाहेर काढून उलटा केला. त्या एका दिव्याच्या जागी नखाएवढी काळी टेप, नीट कातरून चिकटवलेली. तो म्हणाला, "काका, ह्यो दिवा मेलेला नाय, मारलेला हाय." टेप काढली तसा दिवा लागला, तो विझेचना. स्टेअरिंगखालची गोल पट्टीसारखी वायर तुटलेली होती. म्हणजे दीड वर्षं माझ्यासमोरची एअरबॅग ही नुसती स्टेअरिंगवरची कोरीव अक्षरं होती.

इथवर मी नशिबाला दोष देत होतो. जुनी गाडी घेतली, भोगा. पण एअरबॅगच्या वायरसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने चॅसिस नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. वरच्या ओळीत लाल पट्टी होती. "काका, तुमचा व्हॅक्यूम पंप रिकॉलमध्ये आहे. 2021 पासून पेंडिंग दाखवतंय. फुकट बदलून मिळेल." मी म्हटलं, फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे भरून आणि बायकोचा हात मोडून आलोय. तिने वरच्यांना विचारलं. वरच्यांनी आणखी वरच्यांना विचारलं. उत्तर असं आलं की पंप बाहेर बदलल्यामुळे भरपाई देता येत नाही, आणि कळवलं नाही असं म्हणू नका, 2021 मध्ये ग्राहकाला रीतसर पत्र पाठवलेलं आहे. कुठल्या ग्राहकाला? पहिल्या मालकाला, ठाण्याच्या पत्त्यावर. तो भाड्याची जागा सोडून केव्हाच गेला होता.

मंत्रीमहोदय, मी असली शेकडो पत्रं हाताळली आहेत. 'पत्ता सोडून गेले, प्रेषकास परत' असा शेरा मारून ती परत जातात. परत आलेल्या पत्राचं पाठवणाऱ्याने काय करायचं असतं? शोध. पण शोधायची गरजच काय? गाडी माझ्या नावावर करताना 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरले. त्याआधी एका एजंटने गाडीखाली वाकून चॅसिस नंबरावर चिकटपट्टी लावली, पेन्सिल घासली आणि सतराच्या सतरा अक्षरं-आकड्यांचा छाप घेतला. तो छाप तुमच्या खात्याने जमा करून घेतला. त्या सतरा अक्षरांत माझ्या बायकोचं मनगट होतं साहेब. कुणी वाचलं नाही.

आणि पत्ता तर सरकारला माझा पाठ आहे. गेल्या ऑगस्टमध्ये द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याने गाडी टिपली, संध्याकाळी मी जेवायला बसायच्या आत दोन हजारांच्या चलनाचा मेसेज. 2019 च्या आधीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची केलीत, तेव्हा 745 रुपये आणि वर जीएसटी भरायला मी ऑनलाइन गेलो. तिथेही चॅसिस नंबर मागितला. मी दिला. त्याच क्षणी सांगता आलं असतं, की काका, प्लेट नंतर लावा, आधी पंप बदला. प्लेट मात्र आता इतकी पक्की बसली आहे की घाटात गाडी दरीत गेली असती तरी ओळख पटायला अडचण आली नसती.

तुमच्या परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपतं, कर्ज कुणाचं आहे, सगळं दिसतं. म्हणजे ज्यात ज्यात मला दंड होऊ शकतो ते सगळं. ज्यात कंपनीला दंड होऊ शकतो तो रकाना मला काही सापडला नाही, आणि नातीने चष्मा लावून शोधला तरी सापडला नाही.

कायदा नाही असंही नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 110-अ कलम आलं, दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकतं, आणि न ऐकणाऱ्या उत्पादकाला 100 कोटींपर्यंत दंड लिहिला आहे. शंभर कोटी! वाचून ऊर भरून आला. मग बारीक अक्षरं वाचली. 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना, आणि तेही त्या मॉडेलच्या पुरेशा तक्रारी आल्या तर. वर्षाला किती गाड्या विकल्या त्यावरून किती जणांनी ओरडायचं याचा तक्ता आहे. बाकी सगळं 2012 पासून उत्पादकांच्या स्वेच्छेवर. साहेब, गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. कर एकरकमी आधीच घेता. आणि काळजी सात वर्षांची? माझ्यासारखे लोक गाडी घेतात तीच सहाव्या-सातव्या वर्षी. नवी गाडी घेणाऱ्याच्या हाताखालून उतरली की ती आमच्या कोकणात येते, जशी पूर्वी मुंबईतले जुने टीव्ही सेट आणि कपाटं यायची. आमच्या वाडीत चौदा चारचाक्या आहेत, त्यातल्या शोरूममधून आलेल्या दोन. बारा जणांना विचारलं, रिकॉल म्हणजे काय? एकाने सांगितलं, फोन कट झाला की परत लावतात तो.

2023 च्या 1 एप्रिलपासून जुन्या गाड्या विकणाऱ्यांनाही परवानगीचं प्रमाणपत्र लागतं, 29-ब नमुन्यात. छान नियम. मी माझ्या विक्रेत्याला फोन करून विचारलं, तुमचं 29-ब दाखवा. तो म्हणाला, "काका, कुठला सीट नंबर विचारताय?" आता जुन्या गाडीवरच्या त्याच्या नफ्यावर तुम्ही 18 टक्के जीएसटी घेता. नफ्यात वाटा आहे म्हणजे पापातही असायला हवा ना?

आता जरा किनाऱ्याचं ऐका, कारण दिल्लीत आणि मुंबईत बसून हे सुचणार नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण जगाला माहीत आहे. फुगवणाऱ्या नळकांड्यात अमोनियम नायट्रेट होतं, ते वर्षानुवर्षं उष्ण दमट हवेत राहिलं की बिघडतं, मग एअरबॅग उघडताना नळकांडंच फुटतं आणि धातूचे तुकडे माणसाच्या गळ्यात. अमेरिकेत 6 कोटी 70 लाखांच्या घरात एअरबॅगा परत बोलावल्या. पण मला त्यात भावलं ते वेगळंच. त्यांनी नकाशा घेतला, फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, असे उष्ण दमट प्रदेश वेगळे काढले आणि तिथल्या गाड्या आधी घेतल्या. बर्फावर मीठ टाकतात त्या राज्यांतल्या गाड्या गंजलेल्या भागांसाठी वेगळ्या बोलावतात. म्हणजे हवा बघून गाडी तपासतात. भारतातही या एअरबॅगांसाठी कंपन्यांनी गाड्या बोलावल्या, पण आमच्या किनाऱ्याकडे कुणी वेगळं बघितलेलं माझ्या कानावर नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने घाम, आणि धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर गाडी चढवली की खालून खाऱ्या पाण्याचा सपकारा. माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकच्या पाइपला फिटरने नख लावलं, तर पापुद्रा निघाला, बिस्किटासारखा. सीटच्या रुळाचे बोल्ट तांबूस. चाकाला धरणारा खालचा आर्म, त्याचे रबरी बुश, बॉलजॉइंट, हे तर विचारूच नका. मुंबई-गोवा महामार्गाचा सतराचा सहासष्ट नंबर झाला, चौपदरीकरणाला दशक उलटून गेलं, आणि आमचे बुश वर्षाला एक जोडी. तो खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, रस्त्याच्या की गाडीच्या?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. पाण्याखाली गेलेल्या गाड्यांच्या रांगा मी डोळ्यांनी बघितल्या. त्या गाड्या कुठे गेल्या? सगळ्या भंगारात? धुऊन, वाळवून, आत मोगऱ्याचा वास मारून कुणाच्या तरी अंगणात उभ्या आहेत. माझा फिटर कुणाचीही जुनी गाडी बघायला गेला की मधल्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढतो. रोज कुणी एवढा ओढत नाही, म्हणून धुणाराही तिथे पोचत नाही. शेवटच्या वितीवर गाळाची रेघ निघते. गाडी कुठल्या पुरात होती ते तुमच्या आरसी बुकात नाही, पट्ट्याच्या टोकाला आहे.

मी काय मागतोय? फार नाही. ॲपवर पीयूसीच्या शेजारी रिकॉलचा रकाना ठेवा. गाडी नावावर होताना बाकी राहिलेला रिकॉल कागदावर छापा आणि नव्या मालकाचा पत्ता कंपनीला कळवा. सात वर्षांची अट काढा. चौदा हजार सहाशे मिळाले तर घेईन, नाही म्हणणार नाही.

हेच सगळं मी जुलैमध्ये ऑनलाइन तक्रारीत लिहिलं होतं. नंबर मिळाला. एकवीस दिवसांत कार्यवाही होईल, असं छापलं होतं. मग कळलं की रिकॉल केंद्राचा विषय, नोंदणी राज्याची, पंप कंपनीचा, विक्रेता परराज्यातल्या नावावर दुकान चालवतो, आणि मनगट तेवढं आमचं. ऑक्टोबरमध्ये बघितलं तर समोर हिरवा शिक्का, 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे'. कुणी निकाली काढली? कशी? फोन नाही, पत्र नाही. आमच्या खात्यात पत्र न देता 'दिले' असा शेरा मारला तर पोस्टमनला निलंबित करत. मी एकदा, एकदाच, पावसात नदी ओलांडता आली नाही म्हणून रजिस्टर पत्र एक दिवस उशिरा दिलं, तर लेखी खुलासा द्यावा लागला होता. आता 2025 मध्ये रजिस्टर टपालच स्पीड पोस्टात जमा झालं, पण पोचपावती म्हणजे काय ते आम्हाला तरी माहीत होतं. इथे शंभर कोटींच्या दंडाचा कायदा आहे आणि पत्र कुणाच्या हातात पडलं, हे विचारणारा एक माणूस नाही. सेकंड ओनर म्हणजे काय दुय्यम दर्जाचा नागरिक? मत देताना तर आम्हाला कुणी असं विचारत नाही की हे बोट कितव्या हाताचं.

हे पत्र मी साध्या टपालाने आणि इथे असं उघड, दोन्ही प्रकारे पाठवतोय. उत्तर धाडायचं झालं तर पत्ता शोधू नका. चलनावर आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, गुहागर तालुका
नोव्हेंबर 2025

ता. क. : ही विचारते, हाताचं लिहिलंत ना नीट? लिहिलं आहे. सहा महिने झाले, विळीवर नारळ अजून मीच खवतोय आणि रोज तिच्याकडून ऐकतोय की खोबऱ्यात करवंटी येते.