नोकरी लागली, आणि आजोबांची भजनं अण्णांच्या मोबाईलवर

ती. आई आणि अण्णा, सा. नमस्कार.

फोनवर सगळे एकदम बोलतात, आई मधेच जेवलीस का विचारते आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून आज लिहायला बसले. जेवते मी वेळेवर. थंडी संपली. नोकरी पक्की आहे, सही झाली, एक तारखेपासून जायचंय. मावशीला सांगा, आयटीत माणसं काढतात हे मलाही माहितीय, पण पहिले सहा महिने प्रोबेशन इथे जवळजवळ सगळ्यांनाच असतं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही.

काम म्हणजे कंपनीचे सर्व्हर चालू ठेवायचे आणि बंद पडले तर का पडले ते शोधायचं. 163 अर्ज केले होते, बहुतेकांचं उत्तरच आलं नाही, ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही कारण आईची झोप उडाली असती. आणि ही नोकरी मला डिग्रीपेक्षा आजोबांच्या कॅसेटींनी दिली असं मला मनापासून वाटतं.

2023 ला निघताना मी त्या अकरा कॅसेटी बॅगेत भरल्या तेव्हा आई म्हणालेली, लोणच्याची बरणी काढून ही अडगळ कशाला नेतेस. इथे जर्मनीत लाइपझिगच्या जुन्या बाजारात एक टेपरेकॉर्डर मिळाला, तो लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी नावाच्या आवाज भरायच्या प्रोग्रॅममध्ये एकेक बाजू भरून घेतली, आणि त्यात घाई चालत नाही, साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. सगळं फ्लॅकमध्ये ठेवलंय, म्हणजे आवाज जराही न कापता, तासाला साधारण तीनशे एमबी. ते माझ्या खोलीतल्या रास्पबेरी पायवर असतं, तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर, त्याला डिस्क जोडलीय आणि त्यावर नॅव्हिड्रोम नावाचा फुकट प्रोग्रॅम चालतो, त्यातूनच ही भजनं अण्णांच्या मोबाईलवर वाजतात.

त्यातल्या 'आषाढी 1986' लिहिलेल्या कॅसेटचा शेवटचा अभंग आजोबा वरच्या पट्टीत आणि घाईघाईने म्हणतात असं वाटायचं. तीन रात्री ऐकल्यावर लक्षात आलं, रेकॉर्ड करताना टेपचे सेल उतरत होते. सेल उतरले की फीत हळू सरकते, आणि मग तीच फीत नीट वेगाने वाजवली की आवाज चढतो. सुरुवातीला आजोबा पेटीवाल्यांना "काळी दोन धरा" म्हणतात ना, तो सूर धरून मी शेवटाचा वेग कमी करत आणला, आणि एका जागी एकदम आजोबाच बोलायला लागले, अंगणातून हाक मारायचे तसा आवाज. मागे एक पोरगा टाळ चुकवतोय आणि कुणीतरी त्याला हळूच दटावतंय. अण्णा, ते तुम्हीच ना?

दादा म्हणतो मोबाईलवर सगळी गाणी आयती मिळतात, मग हा उद्योग कशाला. मिळतात, पण ती गाणी पुरवणाऱ्या कंपनीची असतात, करार संपला की एक दिवस यादीतून गायब होतात, आणि आपल्या तासगावचं भजनी मंडळ तिथे कधीच नव्हतं. बाकी संग्रह लावतानाही कमी काम नव्हतं, पं. भीमसेन जोशी तीन स्पेलिंगांनी तीन वेगळे गायक दिसत होते, ते एक करायला दोन रविवार गेले.

मुलाखतीत त्या बाईंनी विचारलं, घरी काही चालवतेस का. मी हेच सांगितलं, आणि जानेवारीत त्या रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड मेलं तेही सांगितलं. गाणी डिस्कवर होती म्हणून वाचली, पण मी लावलेल्या याद्या कार्डावर होत्या. बॅकअपची स्क्रिप्ट रोज 'झालं' म्हणत होती, पण बॅकअपची डिस्क जोडलेलीच नव्हती, त्यामुळे कॉपी त्याच कार्डावर पडत होती. आता स्क्रिप्ट आधी डिस्क आहे का बघते, आणि महिन्यातून एकदा मी बॅकअप उतरवून खरंच वाजतो का ते ऐकते. पुढची वीस मिनिटं त्या फक्त ह्यावरच विचारत होत्या. मला वाटलं हातची गेली, तर दोन दिवसांनी फोन आला.

आई, तू विचारलंस खोलीत एवढं गप्प का असतं, भांडण झालंय का कुणाशी. नाही गं. इथे रविवारी शांतता पाळतात, आणि पाळतात म्हणजे अगदी नियमाने. दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या सुद्धा टाकायच्या नाहीत, कारण त्या पेटीत पडताना आवाज होतो. पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळ्या पेटीत, पण रविवारी एकाही पेटीत नाही. मी एकदा रविवारी चटणीसाठी मिक्सर लावला तर जिन्यात चिठ्ठी चिकटवलेली, खूप नम्र भाषेत. रोज रात्री दहा ते सहा पण तसंच. आणि गाण्यासाठी तर वेगळा शब्दच आहे, त्सिमरलाउटश्टेर्के, म्हणजे आवाज एवढाच ठेवायचा की तो आपल्या खोलीतच राहील. आणि चर्चच्या घंटा मात्र रविवारी सकाळी दणदणीत वाजतात, त्याला कुणी काही म्हणत नाही! म्हणून मी हेडफोन लावून ऐकते. एकटी नाहीये मी. शुक्रवारी सहाला थॉमसकिर्ष नावाच्या चर्चमध्ये मुलांचं गाणं असतं तिथे जाते, संगीतकार बाख 1723 पासून शेवटपर्यंत ज्याला शिकवायचा तोच गायकवृंद, 1212 पासून चालू आहे म्हणतात. अण्णांना तिथे बसवायचंय मला एकदा.

आता पैशाचं. वर्षाला 46,000 युरो ठरलेत, कर-विमा जाऊन हातात महिना अडीच हजारांच्या आसपास. पहिल्या पगारातून कर्जाचा हप्ता मीच भरणार, अण्णांनी बेदाण्याच्या पैशाला हात लावायचा नाही. व्हिसासाठी खात्यात 11,208 युरो दाखवायचे होते तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या हे मला सोनूने सांगितलं, तुम्ही सांगितलं नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

सोनूचं स्थळ माझ्यासाठी अडवून ठेवू नका. धाकटीचं आधी केलं म्हणून लोक बोलतील, बोलू देत, मामांनी पाठवलेल्या बायोडाटाला मी डिसेंबरात आल्यावर उत्तर देईन, आत्ता नाही. फक्त मेमधली तारीख धरलीत तर मला येता येणार नाही, नवीन नोकरीत लगेच रजा मागायचा धीर होत नाही. जमलं तर तुळशीच्या लग्नानंतरची बघा ना. नाही जमलं तर मी समजून घेईन, खरंच.

अण्णा, सर्व्हरवर तुमच्या नावापुढे वेळ दिसते, पहाटे पाच. इथे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि मी जागीच असते, पण फोन करत नाही, तुमचं भजन तुटेल म्हणून.

पाटल्या सोडवल्या की आईच्या हातात घालून फोटो पाठवा.

तुमची,
बबली