उपदेश ऐकून झाल्यावर

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. अभ्यासाचं, तब्येतीचं सगळं वाचलं, पण मन अडकलं ते शेवटच्या परिच्छेदात. नव्या मंडळीतले लोक प्रेमळ आहेत, पण पाळकांचा उपदेश रुक्ष असतो, बसून बसून हाती काही लागत नाही, म्हणून तू आता रात्री मोबाइलवर नामांकित वक्त्यांचे संदेश ऐकतोस, असं लिहिलं आहेस. मी रागावलेले नाही. पण याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता आलं नसतं.

रुक्ष उपदेश असतात, ते मी नाकारत नाही. तयारी न करता उभे राहणारे असतात, आणि बायबलमधला कुठलाही शास्त्रभाग घेतला तरी आपले ठरलेले तेच मुद्दे काढणारेही असतात. फक्त तुझ्या पत्रात सगळा निकाल वक्त्याचा आहे, ऐकणाऱ्याबद्दल एक ओळही नाही. वक्ता उत्तम असला की ऐकणं आपोआप घडतं असं शास्त्रात मला तरी कुठे सापडत नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 33 व्या अध्यायाचा शेवट वाच. लोक दारात उभे राहून एकमेकांना सांगताहेत की चला, परमेश्वराकडून काय वचन आलं आहे ते ऐकू या. ते येतात, समोर बसतात, संदेष्टा त्यांना गोड गळ्याच्या आणि सुरेख वाजवणाऱ्या गायकासारखा वाटतो. मग उठून जातात आणि ऐकलेल्यातलं काहीच करत नाहीत. गर्दी होती, कौतुक होतं, वक्ता तर खुद्द देवाने पाठवलेला होता!

आता दोन राजांची गोष्ट, कारण यात एक बाप आहे आणि एक मुलगा. यरुशलेमेत योशीया राजाच्या कारकिर्दीच्या 18 व्या वर्षी मंदिराची डागडुजी चालली असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजासमोर वाचला. तो कसा वाचला, आवाज कसा होता, किती वेळ लागला, शास्त्र यातलं काही सांगत नाही. ऐकताच राजाने दुःखाने आणि पश्चात्तापाने आपली वस्त्रं फाडली, एवढं सांगतं. आणि तो तिथेच थांबला नाही. हे जे वाचलं त्याचा आपल्यासाठी अर्थ काय, हे विचारायला त्याने हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली. नंतर सगळ्या लोकांना जमवून तो ग्रंथ त्यांना वाचून दाखवला, मूर्ती काढून टाकल्या आणि वल्हांडण सण पाळायला लावला.

त्याच यरुशलेमेत पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर होता. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेली देवाच्या वचनांची गुंडाळी त्याच्यासमोर वाचली गेली. थंडीचे दिवस होते, पुढ्यात शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापायचा आणि विस्तवात टाकायचा. यिर्मयाच्या 36 व्या अध्यायात मुद्दाम नोंदलं आहे की राजाने किंवा त्याच्या सेवकांनी वस्त्रं फाडली नाहीत. बापाचं उदाहरण लेखकाच्या डोळ्यांपुढे असणार असं मला नेहमी वाटतं. गुंडाळी जाळू नका म्हणून राजाची विनवणी करणाऱ्यांत गमऱ्या होता, योशीयाला ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या शाफानाचा मुलगा. एका घरात ऐकण्याची सवय पुढच्या पिढीत आली, दुसऱ्या घरात राजवाडा आला पण ती सवय आली नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू चाकू घेऊन बसणाऱ्यांतला नाहीस. पण कापायला चाकूच लागतो असं कुठे आहे? "हे दुसऱ्या कुणाला लागू आहे", "आजचं काही खास नव्हतं", असं मनात म्हटलं तरी तेवढा रकाना जातोच.

तू म्हणशील, मग काय, समोरचा जे बोलेल त्यावर मान डोलवायची? मुळीच नाही. बिरुया गावातल्या लोकांनी प्रेषित पौलाचं ऐकलं तेव्हा ते रोज शास्त्र उघडून या गोष्टी अशाच आहेत का ते पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्यांना थेस्सलनीका शहरातल्यांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो. प्रेषिताचंही तपासून पाहिलं, त्याबद्दल शाबासकी! त्यामुळे प्रश्न विचारणं म्हणजे देवाच्या सेवकाचा अपमान, असं जो शिकवतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. फक्त प्रेषितांची कृत्ये 17:11 पूर्ण वाच. त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारलं आणि मग तपासलं. आपल्याकडे उत्सुकता गळून जाते आणि तपासणी तेवढी उरते, तीही बहुतेक वेळा वक्त्याच्या लकबींची.

तपासायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. यिर्मया 29:11 तुला पाठ आहे, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हे वचन घेऊन येत्या काही महिन्यांत नोकरी, घर, लग्न सगळं जमेल असं कुणी सांगितलं, तर त्याच्या आधीची ओळ वाच. ते पत्र यरुशलेमेतून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि 10 व्या ओळीत 70 वर्षं म्हटलं आहे. ऐकणाऱ्यांतले पुष्कळ जण परत जाणारच नव्हते. घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यांना सांगितलं होतं. वचन खोटं ठरत नाही, उलट खोल होतं, पण वक्त्याने काढलेला अर्थ टिकत नाही. उपदेश ऐकल्यावर तो अध्याय अलीकडून पलीकडे वाचला की हे आपोआप दिसायला लागतं.

आणि चूक आढळली तर? अपुल्लोस मोठा वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, पण त्याला फक्त येशूआधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवराबायकोने त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. सभास्थानात उभं राहून नाही, आणि घरी जाताना चारचौघांत त्याची टर उडवूनही नाही. शुभवर्तमानच बदलून सांगितलं जात असेल तर गोष्ट निराळी. तिथे गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय पुरेसा स्पष्ट आहे आणि तिथे बसून राहायची गरज नाही. तुझ्या पाळकांबद्दल तू तसं काहीच लिहिलेलं नाहीस. तुझी तक्रार कंटाळ्याची आहे.

कंटाळ्यावरून आठवलं, झोपेबद्दलही लिहिते. त्रोवस गावात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत डुलक्या घेता घेता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लूक त्याला दोष देत नाही, पौलही देत नाही. तो जिवंत झाल्यावर पौल पुन्हा पहाटेपर्यंत बोलला. तरी शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून रविवारी उपदेशाला रुक्ष म्हणणं मला तरी पटत नाही.

मोबाइलवरचे संदेश बंद कर असं मी म्हणणार नाही. त्यातले काही खरोखर चांगले असतात, मीही ऐकते. पण त्या वक्त्याला तू माहीत नाहीस. आवडलं नाही की तू बोटाने पुढे सरकतोस आणि त्याला पत्ताही लागत नाही. तुझे पाळक तुझ्या जिवाबद्दल हिशेब द्यायचा आहे हे जाणून उभे राहतात, इब्री लोकांस पत्राच्या 13 व्या अध्यायात तसं लिहिलंच आहे. शिवाय मंडळीत तेच वचन तुझ्या शेजारच्यानेही ऐकलेलं असतं, त्यामुळे बुधवारी तो तुला त्याबद्दल विचारू शकतो. आणि एक विचारते, त्यांच्यासाठी तू प्रार्थना करतोस का? पौलानेसुद्धा इफिसकरांना सांगितलं होतं की मला बोलायला शब्द मिळावेत म्हणून प्रार्थना करा.

आता प्रतिसादाचं. आत काहीतरी हललं, डोळे भरून आले, म्हणजे प्रतिसाद झाला असं समजू नकोस. रोमी सुभेदार फेलिक्स कैदेतल्या पौलाचं नीतिमत्व, संयम आणि येणारा न्याय याबद्दलचं बोलणं ऐकून घाबरला होता. मग म्हणाला, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. त्याने खरंच पुन्हा पुन्हा बोलावलं, लाच मिळेल या आशेने, आणि दोन वर्षांनी जाताना पौलाला तुरुंगातच ठेवून गेला. नियमित ऐकणारा होता तो!

त्यासमोर नहेम्याचा 8 वा अध्याय ठेव. एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांनी लोकांना अर्थ समजेल असं फोड करून सांगितलं. लोक रडू लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, रडू नका, खा-प्या, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख पुन्हा एज्राकडे आले. मांडवांच्या सणाबद्दल, म्हणजे फांद्यांचे मांडव घालून त्यांत राहायच्या सणाबद्दल, लिहिलेलं त्यांना आढळलं आणि लोक डोंगरावर जाऊन फांद्या तोडून आणू लागले. मला या अध्यायातल्या फांद्या फार आवडतात. काय ऐकलं ते त्यांच्या घरांच्या धाब्यांवर दिसत होतं. कुणाची क्षमा मागायची, कुणाचे पैसे परत करायचे, कुठली सवय सोडायची, कशाबद्दल निवांतपणे आभार मानायचे, असं एखादं काम प्रत्येक शास्त्रभागात बहुधा असतं. वहीत पानंच्या पानं टिपण्यापेक्षा तेवढं एक लिहून घे आणि आठवडा संपायच्या आत कर.

तुमच्याकडे सध्या याकोबाचं पत्र चाललं आहे असं तू लिहिलंस. येत्या रविवारचा भाग शनिवारीच वाचून ठेव, आणि न कळलेली एखादी ओळ उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना विचार. ते काय म्हणाले ते मला कळव, कारण दुसऱ्या अध्यायातलं विश्वास आणि कृती यांबद्दलचं त्यांचं म्हणणं मलाही ऐकायचं आहे.

बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई