खुले पत्र : ओळख करून दिलीत, पण कोणाची?

मा. नगराध्यक्ष महोदय,

सविनय नमस्कार.

गावाचं नाव लिहीत नाही. पत्र कोणाचं आहे हे तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळेल. मी प्रभाग क्रमांक ६ मध्ये राहते, ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. नोव्हेंबरात प्रचाराला आलात तेव्हा तुम्ही माझ्या ओट्यावर टेकला होतात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, "वहिनी, निवडून आलो की महिनाभरात प्रत्येक गल्लीत बैठक. तुमचे दोन्ही नगरसेवक, मी आणि मुख्याधिकारी, सगळे समोर बसू. कोणाकडे कुठलं काम, कोणाचा नंबर काय, सगळं सांगू." माझ्या सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढं केलंत तरी पुष्कळ झालं, बाबा."

त्या सासूबाई आज सात आठवडे अंथरुणाला खिळून आहेत. म्हणून हे पत्र.

२ डिसेंबर २०२५ ला आम्ही रांगेत उभं राहून तीन मतं दिली, दोन नगरसेवकांना आणि एक तुम्हाला. दुसऱ्या दिवशी होणारी मतमोजणी न्यायालयाच्या आदेशानं २१ तारखेवर गेली, तेवढे दिवसही थांबलो. गुलाल उडाला, आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली. जानेवारी गेला, बैठक नाही. फेब्रुवारीत रिक्षा फिरली, "नगराध्यक्ष व नगरसेवक परिचय सोहळा, सर्व नागरिकांनी उपस्थित राहावे." मला वाटलं, गल्लीत नाही तर नाही, मैदानात का होईना, शब्द पाळला. हातातलं काम टाकून सासूबाईंना घेऊन गेले.

साडेतीन तास तो सोहळा चालला. वीस नगरसेवक आणि दोन स्वीकृत, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो. नंतर ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. पाहुण्यांची भाषणं. आम्ही खाली खुर्च्यांवर. मी दोनदा हात वर केला. सूत्रसंचालन करणारे म्हणाले, "ताई, वेळ कमी आहे, कार्यक्रम पुढे न्यायचाय." परिचय तुम्ही आम्हाला करून देणार होतात ना? मग आमच्याशी बोलायला तुमच्यापैकी एकालाही पाच मिनिटं का मिळाली नाहीत?

आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांचं नाव पुकारलं, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे यजमानही मंचावर चढले. माइक यजमानांनी घेतला. "आम्ही प्रभागाचा कायापालट करू," असं तेच म्हणाले. ताई मागे शाल सावरत उभ्या. त्या बाई मला ठाऊक आहेत. वर्षातून दोन-तीन ब्लाऊज माझ्याकडून शिवून नेतात. मापं घेताना भरभरून बोलतात. कुठल्या घराच्या नळाला गढूळ पाणी येतं, कुठलं गटार पहिल्याच पावसात तुंबतं, कोणाच्या दारातला दिवा किती दिवस बंद आहे, सगळं त्यांच्या तोंडावर असतं. त्यांच्याइतका हा प्रभाग कोणालाच माहीत नाही. निम्म्या जागा बायकांना दिल्या त्या काय मंचावर मागे उभं राहायला? त्यांच्या यजमानांना आम्ही मत दिलेलं नाही. मतदान यंत्रावर त्यांचं नाव नव्हतं.

परत जाताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तिका ठेवली. चोवीस पानं, गुळगुळीत कागद. पहिली सहा पानं नेत्यांच्या फोटोंची आणि शुभेच्छांची. मग तुम्ही हात जोडून उभे. मग एकेका नगरसेवकाला अर्धं पान. नाव, पक्ष, शिक्षण, आवड. वीसपैकी चौदा जणांची आवड समाजसेवा. पाणीपुरवठा समितीवर कोण, बांधकाम समितीवर कोण, स्वच्छता आणि आरोग्य कोणाकडे, याची एक ओळ नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाचा नंबर नाही, दिवाबत्ती बघणाऱ्याचा नाही. मुख्याधिकाऱ्यांचं नावसुद्धा नाही. तरी मी ती पुस्तिका फेकली नाही. मशीनच्या खणात, मापाच्या वहीखाली जपून ठेवली.

मार्चमध्ये आमच्या गल्लीत गटाराचं काम निघालं. ठेकेदाराच्या माणसांनी चेंबरचं झाकण काढलं, वर एक पोतं टाकलं आणि ती निघून गेली. गल्लीतले दोन्ही दिवे त्याआधी पंधरा दिवसांपासून बंद. सासूबाई नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या आरतीला गेल्या. वय बाहत्तर, पण काठीशिवाय चालायच्या. परत येताना त्यांचा पाय त्या पोत्यावर पडला.

मी मशीनवर होते. पहिल्यांदा ताटली पडल्याचा आवाज आला. त्या आरतीचा प्रसाद ताटलीत झाकून आणायच्या. मग त्यांची हाक आली. माझं नाव नाही घेतलं, "अगं आई गं," एवढंच. मी धावले तेव्हा एक पाय मांडीपर्यंत आत होता, दुसरा बाहेर दुमडलेला, आणि त्या दोन्ही हातांनी रस्ता धरून होत्या. साखरफुटाणे चिखलात. शेजारच्या पोरांनी उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, तिथून सांगितलं की मोठ्या शहरात न्या. ऑपरेशन, रॉड, गाडी, औषधं, माझ्या हिशेबानं एक लाख चाळीस हजार. अजून बिलं यायची आहेत. माझ्या पाटल्या गहाण आहेत. ऐन लग्नसराईत माझं मशीन एकवीस दिवस बंद होतं. बावीस ब्लाऊज मी न शिवता परत केले. एका मुलीचा तर तिच्या हळदीचा होता. तिची आई तोंडावर काही बोलली नाही, पण तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं.

त्या रात्री मी तुमची पुस्तिका काढली. मोबाइलच्या उजेडात आमच्या नगरसेविकांचा नंबर लावला. यजमानांनी उचलला, म्हणाले, "बांधकामाचा विषय आहे, सकाळी ऑफिसला जा." दुसऱ्या नगरसेवकांचा बंद. तुमचा लावला, कोणा मुलानं उचलला. "साहेब मुंबईला आहेत." चार दिवसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्याबसल्या मी पुस्तिकेतले सगळे वीस नंबर लावले. रागानंच लावले, खोटं कशाला बोलू. सहांनी उचलला नाही, तीन बंद, दोन भलत्याच माणसांचे. नऊ उचलले गेले, त्यात पाच नगरसेविकांचे होते. चार ठिकाणी यजमान बोलले, एका ठिकाणी मुलगा. निवडून आलेल्या एकाही बाईचा आवाज मला ऐकायला मिळाला नाही.

ऑफिसात गेले. पाणीपुरवठ्यानं बांधकामाकडे पाठवलं, बांधकामानं आरोग्याकडे, आरोग्यानं आवक-जावकच्या खिडकीकडे. अर्ज दिला, शिक्का घेतला. उत्तर नाही. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. २००५ च्या त्या कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कार्यालयानं सतरा मुद्द्यांची माहिती कोणी न मागताच जाहीर करायची. अधिकारी कोण, कर्मचारी कोण, कोणाचं काय काम, निर्णय कसे होतात, सगळं त्यात येतं. त्यासाठी मुदत होती १२० दिवस. मला उत्तर आलं, "सदर माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे." वीस वर्षं उलटली, साहेब. एकशे वीस दिवसांचं काम वीस वर्षांत होत नाही आणि चोवीस पानांची गुळगुळीत पुस्तिका दोन महिन्यांत छापून होते. तिचे पैसे कोणी दिले, एवढं तरी सांगा.

तुम्ही म्हणाल, मी नवा आहे. खरं आहे. पण आम्ही जुने आहोत ना. आधीच्या नगरसेवकांची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. राज्यघटनेचं २४३ यू कलम म्हणतं की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायलाच हवी. ती झाली चार वर्षांनी, तीही ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं खडसावल्यावर. त्या चार वर्षांत आम्हाला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते, पण ते कोणाला भेटायचे? मुख्याधिकारी तीन बदलले. एकाचं तोंड ओळखीचं होतंय तोवर त्यांची बदली. आमच्या कोपऱ्यावर अजून जुन्या नगरसेवकांच्या नावाचा फलक आहे, बाहेरगावचे लोक तोच वाचून त्यांचा पत्ता विचारतात.

आणि तुमचं पद तरी कोणी आम्हाला विचारून ठरवतं का? नगराध्यक्ष २००१ मध्ये थेट जनतेतून, २००६ मध्ये ते बंद, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा बंद, २०२२ मध्ये पुन्हा थेट. सरकारला वाटलं की आमचं मत काढून घ्यायचं, परत वाटलं की परत द्यायचं. मुंबईत बसून कोणाला सोयीचं काय, यावर आमच्या गावचा कारभारी ठरतो.

माझं माहेर दीड हजार वस्तीचं. तिथे ग्रामसभा असते. २६ जानेवारीला, १ मेला भरली की माझी भावजय उठून उभी राहते आणि सरपंचांना तोंडावर विचारते, टाकी कधी धुतली? त्यांना उत्तर द्यावं लागतं, सगळ्यांसमोर, आणि ते वहीत लिहिलं जातं. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना घटनेनं प्रभाग समित्या दिल्या. गावाला सभा, मोठ्या शहराला समिती, आणि मधल्या आमच्यासारख्या तीस-पस्तीस हजारांच्या गावांनी कुठे उभं राहून बोलायचं? मी लग्न करून 'शहरात' आले तेव्हा घरचे खूश होते. माझा तोंड उघडायचा हक्क वेशीवरच राहिला, हे मला आज कळतंय.

छोट्या गावच्या नगरपालिकेला काय करता येतं, असं मला एकानं विचारलं. महाडची नगरपालिका काही मोठी नव्हती. १९२४ च्या जानेवारीत सुरबानाना टिपणीसांच्या अध्यक्षतेखाली तिनं ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं आहे. ठराव कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन त्या पाण्यापर्यंत चालत जावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टात त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. दोन्ही ठराव नगरपालिकेचेच. शंभर वर्षांनी टिपणीसांचं नाव आम्ही घेतो ते त्यांची आवड काय होती म्हणून नाही. ते पाण्याच्या प्रश्नावर कोणत्या बाजूला उभे राहिले, ती त्यांची ओळख. तुमची ओळखही मला तशीच हवी आहे. फोटो मी रोज चौकातल्या फ्लेक्सवर बघतेच आहे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रभागात एक साधा फलक लावा. नगरसेवकाचं नाव, स्वतः उचलतील तो नंबर, कुठल्या समितीवर आहेत ते, आणि पाणी, दिवे, गटार बघणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव. सर्वसाधारण सभेचा दिवस आधी कळवा आणि मागच्या बाकावर आम्हाला बसू द्या. नगरसेविकांच्या खुर्चीवर नगरसेविकांनाच बसवा. आणि ठेकेदाराला चेंबर उघडं टाकायला कोणी मुभा दिली, त्याचं लेखी उत्तर मला द्या. पैसे मागत नाही. पाटल्या मी सोडवीन.

परवा आमच्या नगरसेविका घरी आल्या. एकट्या आल्या, पायी आल्या. सासूबाईंच्या उशाशी बसल्या, त्यांचे पाय दाबले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुस्तिकेतला नंबर ह्यांचा आहे. माझा मला कोणी विचारलाच नाही." आणि माझी मापाची वही ओढून, स्वतःच्या मापाच्या पानावर, छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांखाली त्यांनी त्यांचा नंबर लिहिला. आमची ओळख झाली ती तेव्हा.

येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता त्यांनी आमच्या गल्लीत बैठक ठेवली आहे. तुम्ही नोव्हेंबरात जी कबूल केली होतीत, तीच. खुर्च्या आम्ही मांडतो, पाणी आम्ही ठेवतो. तुम्ही या, मुख्याधिकाऱ्यांना घेऊन या. उघड्या चेंबरवर मी सध्या एक फळी टाकून तिला लाल ब्लाऊजपीस बांधला आहे, पण दिवे अजून लागलेले नाहीत आणि सातला अंधार पडायला लागतो. म्हाताऱ्या बायकाही येणार आहेत. तेवढं झाकण रविवारच्या आत बसवून घ्या.

आपली,
प्रभाग क्रमांक ६ मधील एक रहिवासी