‘विमा आहे का?’ एवढे विचारून भागत नाही

महोदय,

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातल्या सर्वांना पाच लाखांचे आरोग्य कवच असल्याचे सरकार सांगते. उलट, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात जेमतेम 20 टक्के कुटुंबांकडे आरोग्य विमा किंवा योजना दिसते. राजस्थानात 88 टक्क्यांच्या आसपास. योजना सरसकट सर्वांना लागू झाली ती जुलै 2024 पासून, म्हणून फेरीचा आकडा जुना, हे मान्य. पण 2019 मध्येही पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर महात्मा फुले योजनेचे दीड लाखांचे संरक्षण होतेच. ते आकड्यात का उतरले नाही?

या योजनेला हप्ता नाही आणि तेव्हा आगाऊ नोंदणीही लागत नव्हती. शिधापत्रिका हाच पुरावा. रुग्णालयात आरोग्यमित्राने (योजनेच्या मदतनीसाने) कागद तपासले की मगच अनेकांना आपली पात्रता कळते. अशा घरात प्रगणकाने विमा किंवा योजनेबद्दल विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. काही जण तर आयुर्विम्याचा हप्ता सांगू लागतात.

यातून आणखी एक घोटाळा होतो. जे दाखल झाले त्यांनाच योजना ठाऊक, म्हणून तेच ‘हो’ म्हणतात. मग तक्त्यात विमाधारक अधिक दाखल झालेले दिसतात आणि विम्यामुळे उपचार सुलभ झाले असा निष्कर्ष निघतो. कारण आणि परिणाम इथे काही प्रमाणात उलटे लागलेले असतात.

मोजण्याचे एककही पाहावे. कुटुंब सर्वेक्षणात घरातल्या एकाला जरी कामगार विमा असला तरी ते घर विमाधारक ठरते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत (जुलै 2017 ते जून 2018) व्यक्ती मोजल्या: देशाच्या ग्रामीण भागात सुमारे 14 टक्के विमाधारक, शहरी भागात 19. कुटुंबांचे आणि व्यक्तींचे आकडे एकाच आलेखात जोडून ‘वाढ’ दाखवणे चूक आहे. जिल्हावार क्रमवारीही जपून छापावी. कुटुंब सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यामागे सरासरी 900 कुटुंबेच होती.

प्रश्न प्रत्येक सदस्यासाठी, योजनांची नावे एकेक घेऊन विचारावा: कामगार विमा, केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना, कंपनीचा गट विमा, स्वतःचा मेडिक्लेम, फुले योजना. शिधापत्रिकेचा रंग प्रगणकाने स्वतः पाहून लिहावा. ‘पात्र’, ‘माहीत’ आणि ‘वापरले’ हे तीन रकाने वेगळे हवेत. शेवटच्या दाखल होण्याबद्दल तर खोदून विचारायला हवे. कार्ड दाखवले नसेल तर का? रुग्णालय योजनेत नव्हते, उपचार यादीत नव्हता, की आधी अनामत मागितली? औषधे आणि इम्प्लांट बाहेरून आणायला लावले का, पावती मिळाली का?

बाह्यरुग्ण खर्च मात्र फुले योजनेत बसतच नाही, त्यामुळे मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्यांवरचा खर्च ‘वापरले’च्या रकान्यात कधीच येणार नाही. नमुना सर्वेक्षण त्यासाठी गेल्या 15 दिवसांतले आजार विचारते आणि दाखल होण्यासाठी 365 दिवस. आजार लोक स्वतः सांगतात, म्हणून आरोग्याबाबत जागरूक केरळ बिहारपेक्षा आजारी दिसतो!

नमुना सर्वेक्षणाच्या 80 व्या फेरीत जानेवारी ते डिसेंबर 2025 मध्ये आरोग्याची पाहणी झाली. तिचे आकडे छापताना चौकटीत मूळ प्रश्न, एकक आणि संदर्भकाळ द्यावा, ही विनंती.

– सर्वेक्षण क्षेत्रातील एक वाचक, पुणे